डावीकडे कललेली मान

शिरूर तालुक्यातल्या एखाद्या जुन्या घरात गेलात तर भिंतीवरचे फोटो जरा निरखून पाहा. फेटा बांधून, हात गुडघ्यांवर ठेवून खुर्चीत बसलेला एखादा म्हातारा दिसेल. त्याची मान डावीकडे किंचित कललेली असेल, शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारावी तशी. तो फोटो काढला तेव्हा म्हातारा मेलेला होता, आणि काढणारा माणूस कासमभाई आतार होता.

मी तेव्हा शिरूरच्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि कासमभाईंच्या दुकानाला लागून एक खोली घेऊन राहत होतो. एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची ती वर्षं. खेड्यातली माणसं जिवंतपणी फोटो काढून घेण्याच्या भानगडीत पडत नसत. फोटोनं आयुष्य कमी होतं अशी समजूत होती, आणि नसली तरी वेळ कुणाला होता? मग म्हातारं माणूस गेलं की घरातल्यांना एकदम आठवायचं की हे तोंड आता पुन्हा दिसायचं नाही. कुणीतरी सायकल हाणत शिरूर गाठायचं. दुकानापुढे सायकल धाडकन आडवी पडली, की आत कासमभाई तिपाई आवरायला लागायचे. कोण, काय, कसं, हे विचारायचे नाहीत. फक्त "कवा?" एवढंच विचारायचे, कारण देह आखडायच्या आत पोचायला हवं असायचं.

अंगानं माणूस मूठभर. भर उन्हाळ्यातसुद्धा काळा कोट. कोटाच्या एका खिशात काळ्या दोऱ्याचं रीळ आणि दुसऱ्यात लवंगा. एक डोळा कॅमेऱ्यामुळे कायम अर्धा मिटलेला, त्यामुळे ते आपल्याकडे संशयानं पाहतायत असं नव्या माणसाला वाटे. पाहतही असत संशयानंच. बोलणं तिरकस आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

गंमत अशी की जिवंत माणसांचे फोटो त्यांना साफ जमत नसत. नवरा-नवरी हलायची, पोरं रडायची, आणि ज्या क्षणी कासमभाई कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण काढत, नेमक्या त्याच क्षणी सगळे डोळे मिटत. आमच्या शाळेच्या वार्षिक फोटोत हेडमास्तर दरवर्षी झोपलेले दिसायचे. एकदा मी त्यांना टोचून बोललो तर म्हणाले, "तुमचे हेडमास्तर फोटूला बसले की दुसरंच कुनीतरी होत्यात, मास्तर. मी काय करू?" इतर फोटोग्राफर गिऱ्हाइकाला हलू नका म्हणतात. हे ओरडायचे, "श्वास घ्या की! तुमाला काय झालंय?" नवरीची आई हे ऐकून चांगलीच भडकायची.

मेलेल्या माणसापुढे मात्र हाच माणूस लोण्यासारखा मऊ होई. हे मी केंदूरला पाहिलं. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा गेले होते आणि मी भेटायला म्हणून कासमभाईंबरोबरच गेलो. म्हाताऱ्याला अंगणात उजेडात आणून खुर्चीत बसवलं. पाठीशी सदऱ्यातून एक काठी घातली. फेट्यातून काळा दोरा काढून हनवटीखालून असा नेला की शोधूनही दिसू नये. हे सगळं करताना कासमभाई त्यांच्याशी बोलत होते. "आबा, जरा हनवटी वर. हां. आता हात घेतो तुमचा. झालं, झालं, लई तरास देत न्हाई." घरातली रडणारी माणसं ते ऐकून गप्प झाली. म्हातारा खरोखरच अजून काही वेळ त्यांच्यात आहे असं त्यांना वाटलं असावं. मला तरी वाटलं.

शेवटी त्यांनी दोन बोटांनी मान डावीकडे कलती केली. म्हाताऱ्याची बायको, भागूआजी, उंबऱ्याशी बसली होती. तिनं विचारलं, मान वाकडी का केली? कासमभाई म्हणाले, तुम्ही चुलीपासून हाक मारलीय आणि ते वळतायत असं दिसायला पाहिजे. नुसतं समोर बघणारं माणूस मेलेलंच दिसतं.

आठवड्यानं फोटो पोचवायलाही मी बरोबर होतो. मिटलेले डोळे त्यांनी निगेटिव्हच्या काचेवर बारीक पेन्सिलीनं असे भरले होते की बुबुळात उजेडाचा ठिपकासुद्धा होता. आजीनं फोटो पदरानं पुसला, पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाली, "हे असं कवाच बघत नव्हते. मी हाक मारून मारून घसा बसला तरी वर बघत नव्हते." मग म्हणाली, "पन ऱ्हाऊ द्या. चांगलं हाय."

तालुक्यात असं घर राहिलं नसेल जिथे तो फोटो नाही. लोकांनाही ती मान कळायला लागली होती. कुणाच्या घरी नवखा पाहुणा आला आणि भिंतीवर बोट दाखवून आबा कुठायत म्हणून विचारायला लागला, की जाणता माणूस हळूच म्हणायचा, मान बघा ना.

कासमभाईंची बायको गेली तेव्हा मी शेजारीच होतो. सगळ्या पेठेला वाटत होतं की आता हा माणूस आपली सगळी कला पणाला लावील. मयत उचलायची वेळ झाली तरी कासमभाई भिंतीला टेकून बसलेलेच. कोटाच्या खिशात हात होता आणि खिशातल्या खिशात ते दोऱ्याचं रीळ फिरवत होते. नंतर कधीतरी मी विचारलं तर म्हणाले, "जित्ती व्हती तवा तिनं कवा काढू दिला न्हाई. आता इचारू कुनाला?" त्या घराच्या भिंतीवर कुणाचाच फोटो नव्हता. मला ती भिंत पाहवत नसे आणि त्यांना दुसरं काही पाहायला नसे.

अशा माणसाकडे माधवराव आले. माधवराव कासुर्डीचे, घरची शेती मोठी, शेतकी कॉलेजात शिकलेले, आवाज भारदस्त. दौंडच्या रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर सगळं विकून ऑस्ट्रेलियाला निघाला होता, त्याच्याकडून त्यांनी चावीचा फिल्म कॅमेरा घेतला होता आणि डोक्यात माळढोक घेतला होता. माळढोक हा कमरेइतका उंच, मोरासारखा भारी अंगाचा पक्षी. न्हावऱ्याच्या पुढे भीमेकडे उतरणाऱ्या माळावर तेव्हा तो होता. जीपमधून त्याची शिकार चालायची आणि दरसाल पक्षी कमी होत होते. माधवरावांना त्यांच्यावर एक लहानसा चित्रपट करायचा होता. कुणी सांगितलेला नाही, कुणाच्या खात्याचा नाही, आपला आपण. तो पुण्याच्या साहेबलोकांना दाखवायचा आणि माळ शिकारीला बंद करून घ्यायचा. लिहायला मी आणि टिपायला कासमभाई, असा त्यांनी बेत केला होता.

मला वाटलं, कासमभाई त्यांना दुकानाबाहेर घालवतील. जिवंत माणूस ज्यांना टिपता येत नाही ते उडता पक्षी काय टिपणार? कासमभाईंनी तो कॅमेरा हातात घेतला, चावी दिली, कानाशी धरून त्याची घरघर ऐकली आणि म्हणाले, "आयुष्यभर मेलेलं जित्तं करून दावलं, माधवराव. एकदा जित्तं हाय ते जित्तंच दावू द्या." मग स्वरात ताठा आणून म्हणाले, "आन् एक सांगतो. ह्याच्यात मेलेलं कायबी येनार न्हाई." माधवरावांनी लगेच कबूल केलं. मीही मान डोलावली. तिघांचा तो करारच झाला म्हणायचा.

माळढोक मोठा भित्रा. पायी चालणारा माणूस दिसला की लांबूनच पळ काढतो, जीप दिसली तर उडतोच. पण बैलगाडीची त्याला तेवढी धास्ती नसते, कारण गाड्या माळावरून येत-जात असतात. कासमभाईंनी हे हेरलं आणि त्यावर आपली पद्धत बसवली. न्हावऱ्याच्या ज्ञानूआप्पांची एक गाडी ठरवली. बैल तेच, गाडी तीच, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा त्याच. ज्ञानूआप्पा म्हणाले होते की आवाज नको तर माळा काढतो. कासमभाईंनी काढू दिल्या नाहीत. रोज सकाळी तीच घुंगरं वाजली पाहिजेत, म्हणजे पक्ष्याच्या कानाला सवय होईल, असं त्यांचं म्हणणं. रोज गाडी आदल्या दिवसापेक्षा थोडी जवळ न्यायची, थांबायचं, आणि काहीही न करता परत यायचं. कितीतरी दिवस कॅमेरा पेटीतून काढलासुद्धा नाही. मी गाडीत बसून वह्या तपासत असे. माधवराव चडफडत. कासमभाई लवंग चघळत माळाकडे बघत बसत.

आणि त्या काळात माणूस बदलला. दुकानात गिऱ्हाइकावर खेकसणारे कासमभाई ज्ञानूआप्पांशी थट्टामस्करी करू लागले. नर माळढोक गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर टाकून घुमतो, त्याचा खोल आवाज माळभर जातो. ते पहिल्यांदा टिपलं त्या दिवशी कासमभाईंनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला आणि माझा दंड धरून म्हणाले, "मास्तर, हा कुनाचं ऐकत न्हाई. हनवटी वर कर म्हनलं तरी करायचा न्हाई." त्यांचे डोळे भरले होते. मी थट्टा करणार होतो ती तशीच गिळली. एरवी हलणाऱ्या माणसावर चिडणारा हा गृहस्थ हलणाऱ्या पक्ष्यावर लट्टू झाला होता. पुण्याहून धुऊन आलेली रिळं आम्ही दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत पडद्यावर टाकून पाहिली. एकही तुकडा हललेला, बिघडलेला नव्हता. मला फार आनंद झाला, कारण त्यांना झाला होता.

पावसाळ्यात एक मादी आम्हांला इतकी सरावली की गाडी आली तरी उठेना. उघड्या माळावर, गवताच्या दोन ठोंबांमध्ये, तिचं एकच अंडं होतं. माळढोक घरटं बांधत नाही आणि एकाच अंड्यावर सगळा हंगाम घालवतो. घुंगरं वाजली की ती मान वर करायची, गाडीकडे बघायची आणि पुन्हा स्वस्थ बसायची. आता फक्त एवढंच उरलं होतं. ती उठून चरायला जाते आणि परत येऊन अंड्यावर बसते, ते बसणं मिळालं की चित्रपट पुरा झाला.

याच सुमारास माधवरावांचे एक स्नेही पुण्याहून काम बघायला आले होते. ज्ञानूआप्पांनी त्यांना ओळखलं नाही आणि गाडी द्यायला साफ नकार दिला. ते बिचारे हात हलवत परत गेले. कासमभाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी ज्ञानूआप्पांना समजावून सांगितलं, की फोटोवाला कुणीही आला तर नाही म्हणू नका, ते आपलंच काम आहे. ज्ञानूआप्पा शब्दाचे पक्के. त्यांनी ते मनात ठेवलं.

त्या सकाळी आम्ही तिघं पहिल्या एस.टी.नं न्हावऱ्याला उतरलो. गाडी जुंपलेली होती. गावाबाहेर पडल्यावर ज्ञानूआप्पा सहज बोलावं तसं म्हणाले, "काल दुपारच्याला तुमची दुसरी मानसं आल्ती."

"कुठली मानसं?" कासमभाईंनी विचारलं.

"फोटूवाली. जीप तिकडं सडकंला लावली व्हती. लांबलांब पिशव्या व्हत्या, तुमच्या तिपाईच्या असत्यात तशा. गाडी आमीच हाकतो म्हनले. तुमी सांगितलं व्हतं, म्हनून दिली."

माधवरावांनी माझ्याकडे पाहिलं. ज्ञानूआप्पांनी आमची तोंडं पाहिली आणि त्यांनाही कळायला लागलं. मग सबंध वाटभर घुंगरं वाजत राहिली. त्या आवाजाचा मला असा काही संताप आला की उतरून चालत जावंसं वाटलं.

मादीला बंदुकीचे छर्रे एका बाजूनं लागले होते. शिकाऱ्यांना ती सापडली नव्हती. जखमी होऊन ती कुठेतरी दूर जाऊन पडली असावी आणि ते गेल्यावर घसटत परत आली असावी, कारण गवतात तशी वाट पडली होती. अंड्यापासून वीतभर अंतरावर ती पडलेली होती. अंगात अजून ऊब होती. म्हणजे रात्रभर तिनं जीव धरला होता. तीच घुंगरं ऐकून तिनं काल मान वर केली असणार, गाडीकडे पाहिलं असणार आणि पुन्हा स्वस्थ बसली असणार.

ज्ञानूआप्पा गाडीच्या चाकाशी मटकन खाली बसले. दोन्ही हात डोक्यावर घेऊन ते म्हणत होते, मी दिली, माझ्या हातानं दिली. कासमभाई त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "तुमी दिली न्हाई, आप्पा. मी द्यायला लावली."

मग माधवराव बोलले. माधवराव दुष्ट नव्हते, हे मी आजही सांगेन. ते म्हणाले, "कासमभाई, मेलेली दाखवली तर साहेब म्हणतील, संपलंच की सगळं, आता राखायचं काय? बसलेली दिसली तर बाकीच्यांसाठी कुणी तरी काही तरी करील. तुम्हांला येतं ते. तुम्हांलाच येतं."

कासमभाईंनी विचारलं, "बाकीची वाचतील?"

"माहीत नाही," माधवराव म्हणाले.

ते खोटं बोलले असते तर कासमभाई तिथूनच परत फिरले असते, असं मला वाटतं. ते खरं बोलले. कासमभाईंनी अंड्याकडे पाहिलं. मग त्यांनी कोटाच्या खिशातून काळ्या दोऱ्याचं रीळ काढलं.

मी ते पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांनी तिला उचलून अंड्यावर बसवलं, छऱ्यांची बाजू पलीकडे केली, पिसं बोटांनी सारखी केली. पंखांखाली दोन्हीकडून दगडांचा टेकू दिला. मानेला दोरा बांधून तो गवतातून लांबवर नेला आणि त्याचं टोक माझ्या हातात दिलं. इशारा केला की हळू ओढा, एवढंच म्हणाले. केंदूरला म्हाताऱ्याशी ज्या मायेनं बोलत होते ते बोलणं आज नव्हतं. एक अक्षर नाही. मी वाट पाहत होतो की आता म्हणतील, बाई, जरा मान वर. त्यांनी कॅमेऱ्याला चावी दिली, डोळा लावला आणि हात हलवला. मी दोरा ओढला. वारा होता, पिसं हलत होती, गवत हलत होतं. तिची मान सावकाश वळली, डावीकडे, कुणी हाक मारावी तशी. कॅमेऱ्याची चावी संपेपर्यंत ते टिपत राहिले.

अंडं ज्ञानूआप्पांच्या घरी खुडूक कोंबडीखाली ठेवून पाहिलं. त्यातून काही निघालं नाही.

चित्रपट जुळून तयार झाला. तो मुका होता, पडद्यावर चित्र आणि शेजारी उभं राहून कुणी तरी निवेदन वाचायचं, अशी सोय होती. निवेदन मी लिहिलं, पण त्या एका तुकड्यासाठी माझ्याकडून ओळ उतरेना. शेवटी माधवरावांनी ती आपल्या हातानं लिहिली. पुण्याला न्यायच्या आधी शिरूरला दाखवून पाहावा असं ठरलं. आमच्या शाळेच्या मोठ्या वर्गात दुपारी खिडक्यांना पोती लावून अंधार केला. पोरं होती, पेठेतली माणसं होती, आणि नातवाला भेटायला केंदूरहून आलेली भागूआजीही पुढे भिंतीशी बसली होती. प्रोजेक्टरचं मशीन कासमभाई चालवत होते.

नर घुमू लागला तेव्हा पोरं हसली. नरांची झुंज आली तेव्हा बाप्ये पुढे सरकले. आपल्या तालुक्याच्या उजाड माळावर एवढं काही असतं याचं लोकांना अप्रूप वाटत होतं. माधवरावांचा आवाज चढत गेला. मग ती आली. अंड्यावर बसलेली, पिसं वाऱ्यानं हलणारी. माधवरावांनी वाचलं, "आणि आई पुन्हा आपल्या अंड्यावर येऊन बसली." मान सावकाश डावीकडे वळली.

वर्गात एकदम शांतता झाली. कौतुकाची नव्हती ती. त्या अंधारात बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या घरी ती मान होती. बापाची, आजाची, चुलत्याची. रोज दिवाबत्ती करताना तिला हात जोडले जात होते. पण बोलली ती भागूआजी.

"ही मेलेली हाय," ती म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्याचा बी असाच काढला व्हता."

माधवराव वाचायचे थांबले. मशीनची टकटक तेवढी चालू होती. मागून कासमभाईंचा आवाज आला, नेहमीच्यापेक्षा हळू. "व्हय, आजी. मेलेलीच हाय."

त्यांनी मशीन बंद केलं नाही. रीळ संपेपर्यंत चालू दिलं, पडदा पांढरा झाल्यावर दिवा मालवला आणि खिडकीचं पोतं काढलं. लोक खाली माना घालून, मयतीहून परतावं तसे एकेक करून बाहेर पडले. भागूआजी मात्र व्हरांड्यात कासमभाईंची वाट बघत थांबली होती. तिला रागबीग काही आला नव्हता. तिला एक गोष्ट कळली नव्हती आणि ती विचारून घ्यायची होती.

"आमच्या म्हाताऱ्याला मी हाक मारली व्हती म्हनलासा," ती म्हणाली. "हिला कुनी मारली?"

"मीच," कासमभाई म्हणाले. "रोज सकाळी मारत व्हतो."

आजीला ते समजलं की नाही कोण जाणे. तिनं त्यांच्या कोटाच्या बाहीवरून हात फिरवला आणि नातवाला घेऊन निघून गेली. कासमभाई व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मी त्यांच्याशेजारी बसलो. मला रडू आलं. त्यांना आलं नाही, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं.

माधवरावांनी तो तुकडा स्वतः कापून टाकला आणि उरलेला चित्रपट पुण्याला नेला. साहेबांनी पाहिला, छान आहे म्हणाले, चहा पाजला. पुढे काही झालं नाही. माधवरावांनी कॅमेरा कुणाला तरी देऊन टाकला आणि शेतीत लक्ष घातलं. त्या माळाचा बराचसा भाग नंतर नांगराखाली गेला. आता तिथे ऊस आहे.

कासमभाईंच्या दुकानापुढे त्यानंतरही सायकली आडव्या पडायच्या. ते बाहेर येऊन सांगायचे, आता मी काढत नाही. माणसं विनवण्या करायची, एकानं तर पायांवर डोकं ठेवलं, म्हणाला, आईचं तोंड विसरेन मी. कासमभाईंनी त्याला उठवलं, पाणी पाजलं आणि परत पाठवलं. पेठेत लोक त्यांना दगडाच्या काळजाचा म्हणू लागले. मग दुकान सकाळचं बंद राहू लागलं. पहिल्या एस.टी.नं ते कुठे जातात हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी विचारलं तर लवंग तोंडात टाकून दुसरंच काही बोलायचे.

पुढच्या पावसाळ्यात माझी बदली सोलापूरकडे झाली. सामान आधीच गेलं होतं. दौंडला रेल्वे धरायची म्हणून मी शिरूरहून सकाळच्या एस.टी.त बसलो. कासमभाईंचा निरोप घ्यायला गेलो तर दुकानाला कुलूप. मनातून चिडलो. इतक्या वर्षांचा शेजार आणि या माणसाला आज तरी थांबता येऊ नये?

न्हावरं मागे पडल्यावर माळाच्या कडेला गाडीचं इंजिन तापलं. ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन ओढ्याकडे गेला आणि आम्ही उतारू खाली उतरलो. तेव्हा मला घुंगरं ऐकू आली. तीच घुंगरं, ती मी कुठेही ओळखली असती. लांब माळावर ज्ञानूआप्पांची बैलगाडी चालली होती. गाडीत काळा कोट घातलेला एक मूठभर माणूस उभा होता. एका हातानं गाडीचा दांडा धरलेला आणि दुसऱ्या हातात काठी. गाडीला रॉकेलचा रिकामा पत्र्याचा डबा बांधलेला होता आणि तो माणूस जीव खाऊन तो बडवत होता. मधूनच ओरडतही होता, शब्द कळत नव्हते.

गवतातून माळढोक उठले. फार नव्हते. आधी थोडे धावले, मग ते जड पंख पसरून वर गेले आणि भीमेच्या दिशेनं लांब लांब होत गेले. त्या पक्ष्यांच्या जवळ जायला या माणसानं किती सकाळी गप्प बसून काढल्या होत्या, ते मी पाहिलेलं होतं. आता त्यांना त्या घुंगरांची धास्ती बसावी म्हणून तो रोज येत होता. हाक मारावीशी वाटली. तोंडाशी हात नेला आणि खाली घेतला.

कंडक्टरनं घंटी दिली. मी खिडकीशी बसून मागे पाहत राहिलो. पक्षी दिसेनासे झाले तेव्हा ज्ञानूआप्पांनी बैल थांबवले आणि घुंगरं थांबली. कासमभाई डबा बडवतच होते.